सर्व कामांसाठी एकच पिस्तूल

2019 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले, तेव्हा त्यात एक कलम असे होते की, यापुढे एका परवानाधारकाजवळ एकच अग्निशस्त्र असावे. 1983 च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीन ठरविली होती. तिनावरून एक, एवढे ऐकताच संसदेत आणि संसदेबाहेर जी खळबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. एरवी शेतमालाच्या भावाबद्दल ज्यांचे कधी एकमत होत नाही, त्या मंडळींनी वडिलोपार्जित बंदुकांचा कैवार एका सुरात घेतला. सरकारने आपलेच कलम मवाळ करून एकाचे दोन केले, आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. ज्या देशात हमीभावाच्या कायद्यासाठी शेतकऱ्याला वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसूनही रिकाम्या हाताने परतावे लागते, तेथे बंदूकवाल्यांचे गाऱ्हाणे पंधरवड्याच्या आत ऐकले गेले!

पण त्या चर्चेने उभा केलेला प्रश्न अजून संपलेला नाही. एकच हत्यार ठेवायचे, तर कोणते? शेतावर, घरात, प्रवासात, चारचौघांत, सगळीकडे उपयोगी पडेल असे एकच पिस्तूल कोणते? रहिमतपुरासारख्या बाजारपेठेच्या गावात, ऊस आणि आल्याच्या पैशावर नुकत्याच उभ्या राहिलेल्या वर्गात, ठेकेदार, जमिनीचे दलाल आणि बडे बागायतदार यांच्या बैठकींत हा प्रश्न मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो. रिव्हॉल्व्हर बरे की पिस्तूल, .32 चे की .22 चे, कानपूरचे की आयातबंदीपूर्वीचे विलायती, यावर मते देणारे जाणकार तेथे निपजले आहेत. तेव्हा त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत घेऊन एकेक काम तपासून पाहणे योग्य होईल.

पहिले काम शेताचे. कृष्णाकाठच्या उसात रानडुकरे शिरतात आणि एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात, हे खरे आहे. शेतकऱ्याचा त्याबद्दलचा संताप रास्त आहे. परंतु अंधारात, उसाच्या दाट पाल्यात, धावत्या डुकरावर पिस्तूल झाडणे म्हणजे पाल्यात दगड भिरकावण्यासारखे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानेही हे ओळखले आहे. त्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. पिस्तूल त्या यादीत नाही. पिस्तुलासाठी अर्जदाराने ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. शिवाय डुकराला मारायला वनखात्याची परवानगी लागते, आणि कराड-पाटणाकडे उसात पिलांसह राहणाऱ्या बिबट्याला तर 1972 च्या कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. म्हणजे शेतीच्या नावावर पिस्तूल मागणारा एक तर शेती जाणत नाही, किंवा पिस्तूल जाणत नाही. बहुधा तो दोन्ही जाणतो आणि समोरच्या कारकुनाला मात्र अडाणी समजतो.

दुसरे काम घराचे. जबाबदार माणसाने हत्यार कुलपात आणि गोळ्या निराळ्या ठेवाव्यात, म्हणजे ते पोरांच्या हाती पडत नाही. चोर काही निरोप पाठवून येत नाही. कुलूप काढून, गोळ्या भरून, अंधारात नेम धरेपर्यंत चोराचे काम आटोपलेले असते. आणि ते तसेच भरलेले उशाखाली ठेवले, तर त्याचा पहिला बळी चोरच असेल याची खात्री कोणी द्यावी? घरातल्या भांडणात, कर्जाच्या काळजीत, एखाद्या रात्रीच्या उद्विग्नतेत ते किती जवळ असते, याचा विचार बैठकीतले जाणकार करीत नाहीत.

प्रवासाचे काम थोडक्यात सांगता येते. परवान्याला हद्द असते; हद्द ओलांडली की संरक्षणाचे साधन गुन्ह्याचा पुरावा बनते. लग्नाच्या वरातीतला बार 2019 च्याच कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा ठरविला आहे. निवडणूक लागली की छाननी समिती सांगेल त्याला हत्यार ठाण्यात जमा करावे लागते, म्हणजे गावात तणाव ज्या दिवसांत सर्वांत अधिक असतो नेमक्या त्याच दिवसांत ते मालकाजवळ नसते.

मग उरते काय? उरते ते चारचौघांत वावरण्याचे काम. सदऱ्याखालून किंचित दिसणारा ‘घोडा’ सोसायटीच्या सभेत, ग्रामसभेत, बांधावरच्या मोजणीच्या वेळी, ऊसतोडणीच्या टोळीच्या मुकादमाशी हिशेब करताना जे बोलतो ते मालकाला तोंडाने बोलावे लागत नाही. या कामासाठी मात्र एक पिस्तूल पुरेसे असते, आणि कोणत्याही बनावटीचे चालते. गोळी झाडण्याची गरज क्वचितच पडते. ज्याच्याजवळ ते नाही त्याने गप्प बसावे, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो रोज होतो.

या गप्प बसविण्याची किंमतही पाहण्याजोगी आहे. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे 500 ग्रॅम, किंमत 1 लाख 22 हजार रुपयांच्या वर. दिल्लीतील अत्याचाराने देश हादरला होता, आणि त्या दुःखाचे नाव एका हत्याराला देऊन सरकारी कारखाना ते विकू लागला. 2014-15 साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी दिवसाला 168 रुपये होती. हमी होती वर्षाला 100 दिवसांची. तिने त्या मजुरीतला एक पैसाही पोटाला न लावता साठविला असता, तरी हे रिव्हॉल्व्हर घ्यायला तिला सात वर्षांहून अधिक काळ लागला असता. अंधारातून, बांधावरून, कारखान्याच्या तळावरून एकटी चालत जाणारी स्त्री तीच आहे. निर्भय होण्याची सोय मात्र मोटारीतून जाणारीसाठी झाली.

पिस्तुलाचे समर्थक येथे इतिहासाची साक्ष काढतात, आणि तिला उत्तर दिलेच पाहिजे. लिटनचा 1878 चा शस्त्र कायदा हा परक्या सत्तेने प्रजेला निःशस्त्र करण्यासाठी केला होता, हे निर्विवाद आहे. 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलेला होता. पुढे प्रजासमाजवादी पक्षाच्या बाकांवर बसलेले ह. वि. कामत यांनीच 1948 च्या डिसेंबरात घटना समितीत तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. गुन्हेगारालाही हा हक्क द्यायचा काय, असा त्यांचा रोख होता. समितीने दुरुस्ती फेटाळली. कामतांचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही, पण खेड्यात हक्क प्रत्यक्षात कोणाच्या हाती जातो हे आंबेडकर अधिक जाणून होते. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला बंदुकीचा परवाना पाटलाबरोबर मिळेल, असे मानण्याइतके भाबडेपण त्यांच्यापाशी नव्हते.

साताऱ्याच्या मातीत तर दुसरी साक्ष अधिक जोरात दिली जाते, ती प्रतिसरकारची. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी 1943 च्या जूनमध्ये शेणोलीला सरकारी पगाराची रेल्वे लुटली, 1944 च्या एप्रिलमध्ये धुळ्याजवळ चिमठाण्याला साडेपाच लाखांचा खजिना हस्तगत केला. ते काही रिकाम्या हातांनी नव्हे. परंतु ती हत्यारे चळवळीच्या कामाला लागलेली होती. गावोगाव न्यायनिवाडे करणाऱ्या, सावकाराला आणि दरोडेखोराला जरब बसविणाऱ्या संघटनेच्या ती हाती होती, आणि इंग्रज राजवट पाहुणी ठरताच त्या संघटनेने आपले काम आवरले. त्या वारशाचा दाखला देऊन बांधाच्या तंट्यासाठी रिव्हॉल्व्हर मागणे हा नानांचा उपमर्द आहे.

आणि रहिमतपूरकरांची खरी लूट कशी झाली? कोरेगाव तालुक्यात चिमणगावला सभासदांच्या भागभांडवलावर जरंडेश्वर साखर कारखाना उभा राहिला. 2010 साली राज्य सहकारी बँकेने कर्जवसुलीसाठी तो लिलावात काढला आणि 65 कोटी 75 लाखांना तो खासगी हातांत गेला. 2021 च्या जुलैत सक्तवसुली संचालनालयाने त्या मालमत्तेवर टाच आणली आणि विक्री कमी किमतीत झाल्याचा ठपका ठेवला. दोष कोणाचा हे न्यायालये ठरवितील. पण हजारो सभासदांचा कारखाना गेला तो दिवसाढवळ्या, शिक्कामोर्तब होऊन. त्या दिवशी तालुक्यातली सारी परवान्याची हत्यारे आपापल्या म्यानांत सुखरूप होती. लिलावाच्या कागदावर कोठे नेम धरायचा, हे कोणत्या जाणकाराने सांगावे?

डॉ. नरेंद्र दाभोलकर याच जिल्ह्याचे. धमक्या येत असताना त्यांनी पोलीस संरक्षणही नाकारले होते. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाच्या पुलावर, फिरायला निघालेल्या या माणसाला अगदी जवळून गोळ्या घातल्या गेल्या. खिशात पिस्तूल असते तर ते वाचले असते, असे म्हणणाऱ्यांनी त्या सकाळीचा क्षणभर विचार करावा. हल्लेखोर वेळ निवडतो, जागा निवडतो. ज्याच्यावर हल्ला होतो त्याला काहीच निवडता येत नाही. खुनाचा निकाल लागायला 10 मे 2024 उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

परवाना असलेले हत्यार सभ्य माणसाच्या हाती असते, हा शेवटचा युक्तिवाद. 2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरला जमिनीच्या वादात गोळ्या झाडल्याचा आरोप आहे तो एका तत्कालीन आमदारावर, आणि जागा आहे पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याची खोली. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे. 2016 अखेर देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते, त्यांपैकी 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात. तेथील दुर्बलांना त्यामुळे अधिक सुरक्षित वाटते असे कोणी ऐकले आहे काय? बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर, म्हणजे 2024 संपता संपता, लोकांना कळले की जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने वाटले गेले आहेत आणि त्यांत गुन्हे दाखल असलेलेही आहेत. मग घाईघाईने परवाने रद्द होऊ लागले. सरपंचाच्या जिवाचे मोल देऊन ही यादी उघडावी लागली.

सातारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तशी वेळ येण्याची वाट पाहू नये. किती पिस्तुलांचे परवाने दिले, कोणत्या तालुक्यात, कोणत्या धंद्याच्या माणसांना, आणि प्रत्येक अर्जावर ‘सबळ कारण’ म्हणून काय लिहिले होते, याचा तक्ता त्यांनी तहसील कचेरीत लावावा. रहिमतपूरच्या ग्रामस्थांनी तो मागावा, ग्रामसभांनी ठराव करून मागावा, आणि नाही मिळाला तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज टाकावा.