डोंगर आडवा आला नव्हता

29 मे 2022 रोजी सकाळी नेपाळमध्ये पोखराहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर हे छोटे विमान मुस्तांगमधल्या डोंगरावर आदळले. आतली सगळी 22 माणसे गेली. त्यांत ठाण्याच्या एका कुटुंबातले चौघे होते. जोमसोममार्गे मुक्तिनाथच्या यात्रेला जायचा विषय निघाला की आमच्या चांदवडमध्ये आजही या अपघाताची आठवण निघते, आणि तीच तीन कारणे सांगितली जातात: विमान जुनाट होते, हिमालयात असे व्हायचेच, आणि शेवटी ज्याचे त्याचे नशीब. तिन्ही मला अमान्य आहेत.

विमान 1979 सालचे होते, हे खरे. पण 24 फेब्रुवारी 2016 रोजी याच कंपनीचे, याच मार्गावरचे, अगदी नवे कोरे ट्विन ऑटर कोसळले आणि 23 जण दगावले. डोळ्यांनी दरी पाहत उडायचे असताना वैमानिक पुन्हा पुन्हा ढगात शिरले, असे चौकशीत दिसून आले. मग वयाचा मुद्दा उरतो कुठे?

हिमालयाला दोष देणे तर सर्वांत सोपे. डोंगर जागचा हलत नाही, त्याची उंची नकाशावर लिहिलेली असते. 2022च्या चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट आहे: विमान ढगात सापडले, योग्य मार्ग सुटला, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा तेव्हा गप्प करून ठेवलेली होती. यावर एकच आक्षेप विचार करण्याजोगा आहे. अरुंद दरीत दोन्ही बाजूंना कडे असतात, यंत्र उगाच ओरडत राहते, म्हणून ते गप्प करावे लागते. मान्य. पण आकाश मोकळे असताना वैमानिकाला डोळे असतात. ढगात ते निकामी होतात आणि उरते ते फक्त यंत्र. रोजच्या उड्डाणात ते बंद ठेवायची सवय लागली, की नेमक्या त्या दोन मिनिटांत ते सुरू करायचे सुचणार कसे? पावसात आमच्या चांदवडजवळच्या राहूड घाटात समोरचे दिसेनासे झाले, तर ट्रकवाला गाडी कडेला घेऊ शकतो. विमानाला कड नसते. निर्णय धावपट्टीवर घ्यायचा, नाहीतर वेळीच मागे फिरायचे.

नशिबाच्या गोष्टीने मात्र मला संताप येतो. रेणुकामातेच्या पायऱ्या श्रद्धेने चढणाऱ्या गावात मी राहतो. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण देवाच्या वाटेवर मरण आले असे म्हणून आपण जबाबदार माणसांना मोकळे सोडतो. नेपाळमध्ये विमानतळ चालवणारे आणि विमान कंपन्यांवर देखरेख करणारे प्राधिकरण एकच. युरोपीय संघाने डिसेंबर 2013 मध्ये नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली, ती उगाच नव्हे. या देखरेखीबद्दल यात्रेकरूंनीही प्रश्न विचारायला हवेत.

आणि जबाबदारी यात्रा आखणाऱ्यांचीही आहे. काली गंडकीच्या दरीत दिवस चढला की वारा उसळतो, म्हणून जोमसोमची विमाने सकाळीच उडतात. एक सकाळ ढगात गेली की तो दिवस गेला. पुढचे मुक्काम घट्ट बांधलेले असले, की वाट पाहायची कुणाची तयारी नसते. म्हणून पोखरात एक दिवस मोकळा ठेवा, त्याचा खर्च आधीच सांगून ठेवा. उड्डाण रद्द झाले तर बेनीमार्गे जीपचा रस्ता आहे. हाडे खिळखिळी होतात, जवळजवळ दिवस जातो, पण मुक्तिनाथ गाठता येतो.