ईआरचा निकाल बरणीतच ठरतो

तोंडवलीच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. तिथल्या बाईच्या स्तनात गाठ आढळली, की मालवण, ओरोस आणि मग बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई अशी तिची वाट लांबत जाते. अनेकदा शस्त्रक्रिया एका गावात होते आणि ईआर-पीआरची तपासणी दुसऱ्याच शहरात. बाई घरी टाके सुकायची वाट पाहत असते, तेव्हा तिची गाठ बरणीतून प्रवास करत असते. तिला टॅमॉक्सिफेन मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या प्रवासातच ठरून जाते.

आपल्या हातातली अँटिबॉडी उत्तम आहे. कोलर आणि मिल्स्टाइन यांनी 1975 मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडीचे तंत्र दिले. 1980 च्या सुमारास शिकागोत एल्वुड जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी इस्ट्रोजेन रिसेप्टरविरुद्ध तशा अँटिबॉडी तयार केल्या. त्याआधी ताजी ऊती गोठवून, तिचा चुरा करून, किरणोत्सारी हार्मोनच्या मदतीने रिसेप्टर मोजावा लागे. आज पॅराफिन ब्लॉकच्या पातळ सेक्शनवर 6एफ11, एसपी1 किंवा ईपी1 हा क्लोन टाकला, की केंद्रके तपकिरी होतात. मुंबईत येते तीच बाटली सिंधुदुर्गातही येते. पण ऊतीतले प्रथिनच नासले असेल, तर कोणताही क्लोन ते परत आणू शकत नाही.

नासते कुठे? अख्खा स्तन अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेला, फॉर्मॅलिन जेमतेम बुडेल एवढे, आणि तेही नळाच्या पाण्यात अंदाजाने पातळ केलेले. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते, चरबीतून तर त्याहून सावकाश. बाहेरची कड पांढुरकी, टणक होते आणि मधली गाठ लाल, मऊ राहते. दुसऱ्या दिवशी ग्रॉसिंगच्या टेबलावर काप दिला, की आतला वास सगळे सांगून जातो. हे टाळायला यंत्र लागत नाही. गाठीतून 5 ते 10 मिलिमीटरचे काप द्यावेत, ऊतीच्या दहापट बफर्ड फॉर्मॅलिन घ्यावे. काढल्यापासून तासाभरात ऊती त्यात जावी आणि 6 ते 72 तास राहावी. मग ओल्या स्पेसिमेनऐवजी ब्लॉक पाठवावा. त्याहून सोपे म्हणजे ट्रू-कट बायॉप्सीवरच ईआर करावा. सुईने काढलेला बारीक तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडतो आणि सारखा फिक्स होतो.

पुढची जबाबदारी पॅथॉलॉजिस्टची. गाठ निळी दिसली म्हणून ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी शेजारची नॉर्मल डक्ट शोधा. तिथल्या काही पेशींची केंद्रके तपकिरी असायलाच हवीत. तीही निळीच असतील, तर तो निकाल नव्हे; तपासणी फसली आहे. दुसरा ब्लॉक घ्या, नाहीतर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे स्पष्ट लिहा. 2010 पासून 1 टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह मानतात, आणि 2020 पासून 1 ते 10 टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. इतक्या थोड्या पेशींवर निकाल फिरत असताना अर्धवट फिक्स झालेली ऊती आपल्याला परवडणारी नाही.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये 1997 ते 2005 या काळातल्या ईआर तपासण्या पुन्हा केल्या, तेव्हा साडेतीनशेहून अधिक स्त्रियांचे निकाल बदलले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमरन यांच्या आयोगाने 2009 मध्ये त्याचा अहवाल दिला. चुका एका माणसाच्या नव्हत्या. गुणवत्तेवर नजर ठेवणारी व्यवस्थाच नव्हती. आपल्याकडे निगेटिव्हचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसते. आपल्या रुग्णांचे कमी वय हे त्याचे एक कारण आहेच. पण बरणीचा वाटा किती, हे नोंदीच नसल्या तर कोण सांगणार?

ईआर पॉझिटिव्ह रुग्णाने पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले, तर पंधरा वर्षांतला स्तनाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. कर्करोगाच्या औषधांमध्ये इतके स्वस्त औषध क्वचितच असेल. खोटा निगेटिव्ह निकाल नेमका हाच आधार काढून घेतो, आणि तो ज्यांना महागडे उपचार परवडत नाहीत त्यांच्याकडून आधी.

म्हणून सर्जन, टेक्निशियन आणि पॅथॉलॉजिस्ट, तिघांकडे आमची एकच मागणी आहे. या महिन्यापासून आपल्या रिक्विझिशन फॉर्मवर दोन रकाने छापून घ्या: ऊती काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. रिपोर्टवर क्लोनचे नाव आणि इंटर्नल कंट्रोलचा निकाल लिहा. वेळ न लिहिता आलेला फॉर्म असेल, तर फोन उचला आणि विचारा. पहिले काही महिने समोरच्याला त्रास वाटेल, पण विचारत राहिलात तर सवय लागेल. तोंडवलीच्या बाईला मुंबईतल्या बाईइतकाच खरा रिपोर्ट मिळणे हा तिचा हक्क आहे, आणि तो देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.