पौल जाहिरातदार नव्हता

येशूला जाहिरातवाल्यांच्या पंक्तीत बसविण्याची हौस नवी नाही. १९२५ साली ब्रूस बार्टन नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने ‘द मॅन नोबडी नोज’ हे पुस्तक लिहिले आणि त्यात येशूला आधुनिक धंद्याचा संस्थापक ठरविले. पुस्तक धडाक्याने खपले. न खपून सांगते कोणाला? आपलाच धंदा देवाच्या पुत्रानेही केला, हे ऐकून कोणत्या विक्रेत्याला गुदगुल्या होणार नाहीत! आता तोच माल ‘जनसंपर्का’च्या वेष्टनात येतो. पौल हा म्हणे पहिला जनसंपर्क अधिकारी. क्रूस हे बोधचिन्ह. करिंथकरांना लिहिलेली पत्रे ही परिपत्रके!

या विद्वानांचे जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करून मोकळा होतो. पौलाला श्रोता कळत होता. अथेन्समध्ये अज्ञात देवाची वेदी पाहून त्याने तिथूनच बोलण्याचा धागा उचलला. इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली आणि यहुदी नसलेल्यांवर सुंतेची सक्ती नको असे ठरले. ती अट राहती तर कित्येक ग्रीक गृहस्थ दारातूनच परतले असते. रोमन रस्ते होते, ग्रीक भाषा दूरवर चालत होती. हे सारे कबूल.

पण जनसंपर्काचा पहिला धडा कोणता? गिऱ्हाइकाला बोचेल ते आधी झाका. आणि हे लोक सांगत काय होते? तर आमचा प्रभू क्रूसावर मेला! क्रूस म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली भिंतीवर खरडलेले एक जुने व्यंगचित्र सापडले. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, आणि त्याला हात जोडणारा कोणी अलेक्सामेनोस. बोधचिन्हाची ही कमाई! ही गोष्ट यहुद्यांना खटकते आणि ग्रीकांना खुळेपणाची वाटते, हे पौलाला ठाऊक होते. तसे त्याने करिंथकरांना लिहूनही ठेवले. अथेन्समध्ये पुनरुत्थानाचा विषय निघताच काही लोक हसले. पगारी अधिकाऱ्याने दुसऱ्या दिवशी तो परिच्छेद गाळला असता. पौलाने गाळला नाही.

बिथिनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी याने ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला एक पत्र लिहिले. खरे काय ते काढण्यासाठी दोन दासींना यातना दिल्या, असे त्यात तो सहज सांगून जातो. त्या ख्रिस्ती मंडळीच्या सेविका होत्या. त्यांची नावेसुद्धा त्याने दिलेली नाहीत. त्या दोघींना कोणत्या मोहिमेचा मेहनताना मिळत होता? आमच्या पंडितांच्या लेखांत पौल येतो, रस्ते येतात, ‘लक्ष्यगट’ येतो. या दोन बायका कुठेच येत नाहीत. माझे भांडण नेमके याच्याशी आहे. मी कादंबऱ्या लिहितो. पात्राला नुसता हेतू चिकटवून ते जिवंत होत नाही, एवढे मला कळते.

जनसंपर्कवाला शोधायचाच तर तो सम्राट जुलियन. गलतियाच्या महापुरोहिताला लिहिलेले एक पत्र त्याच्या नावावर आहे (ते त्याचेच का, यावर वाद आहे). कुरकुर अशी की, हे गालिली लोक आपल्याच नव्हे, आमच्याही गरिबांना पोसतात. तेव्हा गावोगावी धर्मशाळा काढा, ३०,००० मापे गहू देतो. प्रतिस्पर्ध्याची युक्ती उचललेली, पैसा सरकारी, आखणी वरून! ३६३ मध्ये जुलियन इराणच्या स्वारीत पडला आणि सारे तिथेच आटोपले. वीस महिन्यांत काय होणार, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. प्लिनीच्या दासींना सम्राटाचे वीस दिवसही लाभले नव्हते.

३८० मध्ये थिओडोसियसच्या फर्मानाने हा राजधर्म झाला. तेव्हापासूनच्या चर्चला जनसंपर्काची फूटपट्टी खुशाल लावा, माझी हरकत नाही. १६२२ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने धर्मप्रसारासाठी रोममध्ये कचेरीच उघडली. तिच्या लॅटिन नावातूनच ‘प्रोपगंडा’ हा शब्द जगाला मिळाला, आणि जनसंपर्काचा आद्य गुरू म्हणून मिरविणाऱ्या एडवर्ड बर्नेजने १९२८ साली तोच आपल्या पुस्तकाला नाव म्हणून घेतला. म्हणजे उसनवारी कोणी कोणाकडून केली, तेवढेही हे लोक उलटेच सांगतात.