मालवणचे कार्ड, लेस्टरचे पाणी

गेवराई तालुक्यातील चकलांब्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी तारकर्ली-मालवणला जाऊन ‘स्कुबा करून आलेली’ मुले आता बीड जिल्ह्यातही भेटतात. त्यातले कुणी पुढे शिक्षणासाठी ब्रिटनला गेले आणि तिथल्या डायव्हिंग क्लबात दाखल झाले, की खरा प्रश्न सुरू होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. पर्यटक मालवणला करतात ती प्रशिक्षकाने धरून नेलेली काही मीटरची बुडी. ते प्रशिक्षण नव्हे. रीतसर ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम केला तर 18 मीटरपर्यंत जाण्याची मुभा देणारे कार्ड मिळते. पण ते मिळाले 27-28 अंशांच्या पाण्यात, याची नोंद त्यावर नसते.

थंड पाण्यात वेगळे काय?

लेस्टरजवळची स्टोनी कोव्ह ही पाणी भरलेली जुनी दगडखाण. ब्रिटनमधले कित्येक डायव्हर तिथेच शिकतात. हिवाळ्यात तिथले पाणी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना याची थोडी कल्पना असते: मे महिन्यात वरचे पाणी कोमट, पण तळाकडे बुडी मारली की अंगावर काटा येतो. तो काही सेकंदांचा. इथे अर्धा तास त्याहून गार पाण्यात काढायचा असतो, आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते.

पहिला फटका श्वासाला. गार पाणी लागताच धाप लागते, टाकीतली हवा भराभर संपते. दुसरा यंत्राला, आणि उबदार पाण्यात शिकलेल्याच्या तो ध्यानीमनीही नसतो. टाकीतली दाबाखालची हवा रेग्युलेटरमध्ये प्रसरण पावताना थंड होते. पाणी आधीच गार असेल तर आत बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो-धो वाहू लागते. घाबरून जोरात श्वास ओढला की ही शक्यता आणखी वाढते; म्हणजे पहिला फटकाच दुसऱ्याला बोलावतो. त्यात जाड हातमोज्यांतली बोटे बधिर झालेली.

ड्रायसूट अंग कोरडे ठेवतो, पण त्याच्या आत हवा असते. खाली जाताना ती भरावी लागते, वर येताना वेळेत सोडावी लागते. उशीर झाला तर सूट फुगून माणसाला वेगाने वर फेकतो. फुप्फुसांना इजा होऊ शकते, डीकम्प्रेशनचा आजार जडू शकतो. हवा पायांकडे गेली तर माणूस चक्क उलटा होतो.

मग कार्डवर काय हवे?

शिकताना होती तशाच परिस्थितीत बुडी मारा, असे प्रशिक्षण संस्था सांगतात खरे. पण सुट्टीत बोट सुटायच्या घाईत दुकानदार पाहतो ते कार्डच. आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी 2 ते 4 अंश असते. तिथे ड्रायसूटचे प्रमाणपत्र किंवा अशा 10 बुड्यांची नोंद दाखवावी लागते. हाच नियम सगळीकडे का नसावा? प्रशिक्षणाच्या वेळचे पाण्याचे तापमान आणि वापरलेला सूट, एवढ्या दोन नोंदी कार्डावर छापायला खर्च तो किती!

तोवर परदेशी निघालेल्यांनी लॉगबुकात प्रत्येक बुडीचे तापमान लिहावे आणि क्लबात नाव नोंदवतानाच ती पाने दाखवावीत. ड्रायसूटचा अभ्यासक्रम एक-दोन दिवसांचा असतो. तो आधी तलावात, मग खाणीच्या उथळ कडेला, प्रशिक्षकासोबत करावा. आणि शक्यतो जानेवारीत नव्हे.