मोटारीचे तीन कागद

अड्यार म्हटले की मराठी वाचकाला थिऑसॉफिकल सोसायटी, तेथील विशाल वटवृक्ष आणि अॅनी बेझंटबाई यांचे स्मरण होते. १८८२ साली सोसायटीने ज्या नदीच्या काठी आपले ठाणे केले, त्याच अड्यार नदीला १ व २ डिसेंबर २०१५ रोजी महापूर आला. अतिवृष्टीने भरलेल्या चेंबरंबाक्कम जलाशयातून सेकंदाला २९,००० घनफूटांपर्यंत पाणी सोडावे लागले आणि कोट्टूरपुरम, सैदापेट, अड्यार या वस्त्या जलमय झाल्या. मनुष्यहानीपुढे मोटारींचे नुकसान ही अर्थातच गौण बाब होय. तथापि इमारतींखालील वाहनतळांत ज्यांच्या भारी किमतीच्या गाड्या बुडाल्या, त्यांच्यापुढे पाणी ओसरल्यावर एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते : गाडीची हमी चालू आहे, देखभालीचे पैसे आगाऊ भरले आहेत, मग दुरुस्तीचा खर्च आपल्यावर का?

मोठ्या खरेदीपूर्वी कुटुंबाने कोणता विचार करावा, हा या सदराचा नेहमीचा विषय. आलिशान मोटारीच्या बाबतीत तो विचार तीन कागदांभोवती फिरतो. पहिला कागद कारखानदाराच्या हमीचा, दुसरा विक्रेत्याकडील देखभाल योजनेचा आणि तिसरा विम्याचा. तिघांची कामे भिन्न आहेत. एकाचे काम दुसरा करील अशी समजूत करून घेतल्यानेच पुष्कळांची निराशा होते.

हमी म्हणजे कारखानदाराने आपल्याच कामाबद्दल दिलेले वचन. भाग सदोष निघाला किंवा जोडणीत चूक राहिली, तर तो दुरुस्त करून अथवा बदलून देण्याची जबाबदारी तो घेतो. मर्सिडीज-बेंझ भारतात नव्या गाडीवर तीन वर्षांची, बीएमडब्ल्यू दोन वर्षांची मूळ हमी देत आली आहे. पुढील वर्षांसाठी वाढीव हमी निराळे पैसे भरून घ्यावी लागते. वाढीव हमीत मूळ हमीतील सर्वच भाग येतात असे नाही. म्हणून तिची यादी स्वतंत्रपणे वाचावी. वापराने झिजणारे ब्रेक पॅड, वायपरची रबरे, टायर, अपघात, पूर, अयोग्य इंधन यांचा भार हमी सहसा उचलत नाही. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत पत्र्यावर वरून चढणारा गंजही बहुधा तिच्या बाहेरच राहतो.

हमीत गाडीच बदलून मिळेल, ही अपेक्षाही जपून करावी. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असे ठरविले की, हमीच्या अटी सदोष भाग बदलण्यापुरत्या असतील, तर त्यांच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही.

देखभाल योजना म्हणजे नित्याच्या सर्व्हिसिंगचे आगाऊ भरलेले पैसे. साध्या योजनेत इंजिनाचे तेल, तेलाची व हवेची गाळणी, स्पार्क प्लग, ब्रेकचे तेल आणि ठराविक तपासणी येते. अधिक पैशांच्या योजनेत ब्रेकच्या चकत्या व पॅड, वायपर असे झिजणारे भागही येतात. टायर आणि अपघातातील मोडतोड दोहोंतही नसते.

या योजनेला वर्षे आणि किलोमीटर अशा दोन मर्यादा असतात व जी आधी गाठली जाईल तेथे योजना संपते. तीन वर्षे अथवा ४०,००० किलोमीटर अशी योजना घेतलेल्या, पण शहरातल्या शहरात वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरणाऱ्या कुटुंबाची गाडी तीन वर्षांत १५,००० किलोमीटर धावेल. उरलेले २५,००० किलोमीटर वाया गेले असे समजावे. उलट, चेन्नईहून पुण्याला वरचेवर जाणाऱ्या व्यावसायिकाचे किलोमीटर मुदतीपूर्वीच संपतील. आपले वर्षाचे धावणे वहीत मांडून, तेवढ्या काळातील सर्व्हिसिंगचा सुटा खर्च विक्रेत्याकडून लेखी घ्यावा आणि मगच योजनेच्या किमतीशी त्याची तुलना करावी.

सर्व्हिसिंग बाहेर केल्यास हमी जाईल, असे अनेकदा सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये मर्सिडीज-बेंझ व बीएमडब्ल्यू यांच्यासह चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात अशी सरसकट अट अमान्य केली होती. बाहेरच्या दुरुस्तीतील दोषामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल असे आयोगाचे म्हणणे होते. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. म्हणून व्यवहारात शहाणपण हेच की, मुदतीतील प्रत्येक कामाचे बिल, तारीख व किलोमीटरचा आकडा जपून ठेवावा.

आता तिसरा कागद. पुराचे नुकसान सर्वंकष विमा भरून देतो. केवळ तृतीय पक्षाचा विमा देत नाही. परंतु येथेही एक मोठी खोच आहे. पाण्यात उभी असलेली गाडी सुरू केली की हवेच्या नळीवाटे पाणी इंजिनात खेचले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; परिणामी कनेक्टिंग रॉड वाकतात आणि इंजिन निकामी होते. हे नुकसान पुराने नव्हे, गाडी सुरू केल्याने झाले, असे म्हणून साध्या विम्यात दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड निराळी घ्यावी लागते. तेव्हा घरातील सर्वांनी, विशेषतः चालकाने, एक नियम पाठ करावा : बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये. छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीस कळवावे आणि गाडी ओढूनच कार्यशाळेत न्यावी.

विम्यात मिळणारी रक्कमही खरेदीची किंमत नसते. प्रचलित कोष्टकाप्रमाणे दोन ते तीन वर्षांच्या गाडीचे मूल्य ३० टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीचे ५० टक्के घटवून धरले जाते. मूळ बिलाची रक्कम हवी असेल, तर तशी जोडही वेगळी मिळते. ती बहुधा पहिल्या काही वर्षांपुरतीच असते.

चेन्नईकर या अनुभवातून पुष्कळ शिकले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने शहर पुन्हा बुडाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेळाचेरीच्या लोकांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या मुंबईकरांना त्यामागची चिंता समजावून सांगावी लागणार नाही.

ज्यांच्या दारी अशी मोटार नाही, त्यांचाही या विषयाशी संबंध आहे. पुरातून निघालेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात विकतात; धुऊनपुसून त्या दूरच्या राज्यांत विक्रीस येऊ शकतात. नव्या लहान गाडीच्या किमतीत जुनी आलिशान गाडी मिळते, हा मोह मध्यमवर्गीय कुटुंबाला पडतो. पण अशा गाडीची हमी बहुधा संपलेली असते आणि तिचे सुटे भाग मात्र मूळ किमतीच्याच मानाने महाग असतात. घेण्यापूर्वी चासी क्रमांकावरून अधिकृत कार्यशाळेतील नोंदी व विम्याचे जुने दावे पाहावेत. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते तपासावे. आसनाखालील लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याचा कुबट वास हेही खरे साक्षीदार होत. शिल्लक राहिलेली हमी किंवा देखभाल योजना आपल्या नावावर होईल की नाही, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

तक्रारीची वेळ आलीच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो तेथेच दाद मागता येते. गाडी कोठे घेतली याची अडचण येत नाही. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे जावे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी हारतुरे, पेढे आणि छायाचित्रे यांत सारे घर दंग असते. त्याच्या आदल्या सायंकाळी तासभर बसून हे तीन कागद घरात मोठ्याने वाचावेत. जे तिन्हींत कोठेच नाही, त्याची निराळी यादी करावी. तो खर्च पुढे आपल्याच बचतीतून जाणार आहे, आणि तो पेलेल की नाही हे सही करण्यापूर्वी ठरविता येते.