चष्म्यातले जग आणि पायाखालची जमीन

हिंगणघाटच्या एका वाचक भगिनींनी पत्र पाठवून विचारले आहे की, सासऱ्यांना सात महिन्यांपूर्वी लकवा झाला आणि उजवा हात अद्याप साथ देत नाही. मुलाने बंगळुरूहून डोळ्यांवर बांधायचे एक यंत्र पाठविले आहे. त्यात म्हणे घरबसल्या चेंडू झेलता येतो, बागेत फिरता येते. याने हात सुधारेल काय, आणि रोज येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना आता थांबवावे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कृपया थांबवू नका. पहिल्याचे उत्तर जरा लांबचे आहे आणि ते ज्यांना लकवा झालेला नाही अशा ज्येष्ठांच्याही उपयोगाचे आहे.

या यंत्राला व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, म्हणतात. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवायची आणि मान वळेल तसे चित्रही वळवायचे, एवढ्यावर ते चालते. एवढ्याने मेंदू फसतो, याचे आपल्याला नवल वाटते. परंतु मेंदू जगाला थेट पाहत नाही. मिळालेल्या पुराव्यांवरून तो अंदाज बांधतो. वर्धा स्थानकावर उभ्या गाडीत आपण बसलेले असताना शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असे क्षणभर वाटते, ते यामुळेच.

तोल सांभाळण्यासाठी मेंदूपुढे तीन साक्षीदार असतात : डोळे, अंतःकर्ण, आणि तळपाय व सांधे यांच्याकडून येणारी जाणीव. वयानुसार तिघांचीही साक्ष क्षीण होते. मोतीबिंदू दृष्टी धूसर करतो, अंतःकर्णाची तत्परता घटते, दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपाय बधिर होतात. ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत ते नकळत सगळा भार डोळ्यांवर टाकतात. म्हणूनच वीज गेली की ते लडखडतात, आणि सकाळी मोरीवर तोंड धुताना डोळे मिटताच झोक जातो. ही तक्रार दवाखान्यात कोणी आपणहून सांगत नाही; मला ती विचारून काढावी लागते. आपल्या घरातील ज्येष्ठांना आपणही विचारून पाहावे.

आता आभासी चष्मा काय करतो ते पाहा. डोळे म्हणतात ‘मी चालतो आहे’, अंतःकर्ण म्हणते ‘मी खुर्चीत स्थिर आहे’. साक्षी जुळल्या नाहीत की मळमळते, घाम येतो, गरगरते.

यात शिकण्याचा भाग कोठे येतो? 1963 साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अंधारात वाढविलेल्या मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. रोज काही वेळ पिल्लांची जोडी एका फिरत्या दांड्याला जोडली जाई. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालत फिरे, दुसरे छोट्या पाळण्यात बसून त्याच्याबरोबर ओढले जाई. दोघांच्या डोळ्यांपुढून सारखीच दृश्ये सरकत. तरीही चालणाऱ्या पिल्लाला खोली, अंतर, कडा यांचा अंदाज आला. पाळण्यातल्याला आला नाही. त्याला मोकळे सोडल्यावर मात्र थोड्याच दिवसांत तोही आला. डोळ्यांना चित्र मिळणे पुरेसे नव्हते. त्या चित्राशी स्वतःची हालचाल जुळावी लागत होती.

पन्नास वर्षांनी, 2013 साली, कॅलिफोर्निया विद्यापीठातील मयंक मेहता यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना आभासी जगात धावविले. जागेची ओळख ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातील पेशी खऱ्या मार्गावर धावताना जितक्या जाग्या असत, त्यांतील निम्म्याहून अधिक आभासी मार्गावर गप्प राहिल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरी चष्म्यातील बागेत फिरल्याने अंगणात फिरल्याचे सारे काही मेंदूला मिळते असे समजणाऱ्याने थोडे थांबावे.

आपल्या जिल्ह्याला हा विचार परका वाटू नये. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली होती, आणि हातांच्या उत्पादक कामातून शिक्षण ही नई तालीमची कल्पना तेथे मांडली गेली. त्यामागची प्रेरणा सामाजिक होती, मेंदूविज्ञानाची नव्हती. दोहोंचा ओढूनताणून संबंध मी जोडणार नाही. पण टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाची बोटे, डोळे आणि गणित एकत्र कामाला लागत, एवढे खरे.

आता पुरावा. लकव्यानंतरच्या आभासी व्यायामावरील चाचण्यांचा एक मोठा आढावा 2017 साली कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात 72 चाचण्या आणि 2,470 रुग्ण होते. नेहमीचा व्यायाम काढून तेवढाच वेळ आभासी व्यायाम दिला तर हाताला अधिक लाभ दिसला नाही. नेहमीच्या व्यायामात त्याची भर घातली तेव्हा मात्र फायदा दिसला. माझ्या मते यात गूढ काही नाही : खेळाच्या नादात माणूस हात अधिक वेळा उचलतो, आणि लकव्यात हात किती वेळा उचलला यालाच मोल आहे. सासऱ्यांचा हात हलत असेल आणि यंत्रातील खेळ तो हात हलवायला लावत असेल, तर ताईंच्या देखरेखीखाली ते वापरावे. नुसते बसून देखावे पाहायचे असतील तर ती करमणूक झाली. करमणुकीलाही मी नाही म्हणत नाही. सात महिने एका खोलीत काढलेल्या माणसाला तिची गरज असते. फक्त तिला उपचार समजू नये.

पडण्याच्या बाबतीत पुरावा अधिक आशादायक आहे. 2016 साली ‘द लॅन्सेट’मध्ये पाच देशांतील 302 ज्येष्ठांचा अभ्यास आला. सारेच वारंवार पडणारे होते. एका गटाला सहा आठवडे ट्रेडमिलवर चालविले. दुसऱ्याला तसेच चालविताना समोरच्या पडद्यावर अडथळे, वळणे, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी दाखविल्या. पुढील सहा महिन्यांत दुसऱ्या गटातील पडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. केवळ चालणाऱ्यांत तेवढी घट झाली नाही. माणूस अनेकदा पायांच्या दुबळेपणापेक्षा लक्ष दुभंगल्यामुळे पडतो. नातू हाक मारतो, मोबाइल वाजतो, आणि उंबरठा नजरेतून सुटतो. तेथे डोळे पूर्ण झाकणारा चष्मा नव्हता, समोर पडदा होता, आणि चालणारा पट्ट्याने सुरक्षित बांधलेला होता, हे विसरू नये. घरी चष्मा बांधून उभे राहणे म्हणजे पलंगाची कड, पाण्याची बादली, झोपलेले मांजर यांपैकी काहीच न दिसणे. ज्येष्ठांनी तो हात असलेल्या पक्क्या खुर्चीत बसूनच, कोणी शेजारी असतानाच, प्रारंभी पाचच मिनिटे वापरावा. फेफरे येत असल्यास, चक्कर येण्याचा आजार असल्यास, अथवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये. विकत घेण्यापूर्वी सेवाग्राम किंवा सावंगी येथील रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात रुग्णाला एकदा दाखवून आणावे.

यंत्र नसले तरी त्या अभ्यासातील गाभा घरी आणता येतो. भिंतीलगत मोकळी वाट करावी, पायांत पक्की पादत्राणे असावीत, सोबत्याने अर्धे पाऊल मागे राहून कमरेशी हात तयार ठेवावा. जमिनीवर खडूने आडव्या रेघा ओढून त्या ओलांडत चालावे. ते जमले की चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करावेत किंवा भाज्यांची नावे घ्यावीत. बोलताना पाऊल अडखळले तर तेथेच थांबून, बोलणे सोडून, पुन्हा चालावे. गेल्या वर्षभरात दोनदा पडलेल्या व्यक्तीने मात्र हे घरी सुरू करू नये. आधी डॉक्टरांकडे यावे, आणि येताना रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांसह सगळी औषधे पिशवीत घालून आणावीत.