पट्टी कुणी वाकवली?

दसऱ्यापासून येणाऱ्या पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे. गिऱ्हाईक जुनी गाडी घेतं, आठ दिवसांत ब्रेक चीं चीं करायला लागतात, आणि ते आपल्या दारात येऊन म्हणतं, ‘बाकी काही नको, तेवढा आवाज घालवून द्या.’ आपण पॅड काढतो, पॉलिश पेपरवर घासतो, कडा मारतो, दोन-तीनशे रुपये घेतो. पंधरा दिवसांत गाडी परत. विकणारा नामानिराळा, शिव्या आपल्याला.

राग रास्त आहे. पण थोडा राग स्वतःसाठीही राखून ठेवा.

गेल्या महिन्यात आमच्याच लिफ्टवर २०१६ची एक हॅचबॅक चढली. मालक शाळेत शिक्षक, गाडी घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. टायर पॉलिश मारून काळे कुळकुळीत, बॉनेटखाली सगळं धुऊन लखलखीत. डावं पुढचं चाक काढलं. बाहेरचा पॅड ८ मिलिमीटर, आतला २. एवढ्या फरकावर पिनचाच संशय येतो, आणि खालची गाइड पिन निघाली ती हातोडीनेच. बूट फाटलेला, आत गंजाचा लाल चिखल. आतल्या पॅडचं तोंड काचेसारखं गुळगुळीत. चीं चीं तिथूनच येत होती. पण खरी गंमत पुढे होती. पॅड संपत आला की डिस्कला घासून ओरडणारी वेअर इंडिकेटरची पट्टी पकडीने मागे वाकवलेली होती. पकडीच्या दातांचे व्रण तिच्यावर स्पष्ट दिसत होते.

म्हणजे विक्रीला उभी असताना गाडी ओरडली होती आणि कुणीतरी तिचं तोंड दाबलं. तो कुणीतरी एजंट नव्हता, कारकून तर नव्हताच. पकड चालवणारा हात आपल्यातलाच होता.

आता सरकारकडे वळू. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३पासून परिवहन खात्याचं प्राधिकारपत्र लागतं. ताब्यातली गाडी लॉटबाहेर काढली की कोण चालवत होतं, कशासाठी, किती किलोमीटर, हे सगळं इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत भरायचं. उत्तम. गाडी पेट्रोल भरायला गेली तरी सरकारला कळणार. ती थांबते का, हे मात्र कुणी विचारत नाही. खासगी गाडीच्या फिटनेसचा प्रश्न निघतो तो १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला. तोपर्यंत ती तीन हातांतून गेली तरी फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा आणि पीयूसी जोडलं की नाव बदललं. नळकांड्यातून काय बाहेर पडतं ते तपासायचं, चाकापाशी काय उरलंय ते नाही! विक्रीच्या कागदांत पॅडची जाडी आणि डिस्कची जाडी असे दोन आकडे मागायला कोणती समिती नेमावी लागते? व्हर्नियर पुरतो.

हे आम्ही याआधीही लिहिलं आहे आणि पुढेही लिहू. पण साहेबांची वाट पाहत आपण पॉलिश पेपर घासत बसायचं, असं नाही.

‘पॅड महाग, गिऱ्हाईक देत नाही’ ही सबब जुनी झाली. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. (जुन्या छापील किमतीचा माल अजून त्याच भावाने खपवणारे दुकानदार आहेत, त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहू.) खरी अडचण पैशाची नाही. ‘आवाज घालवणं’ हेच काम आहे असं आपण धरून चाललो आहोत. पिन न काढता नुसता पॅड घासणारा गाडी परत बोलावण्याचीच सोय करतो.

आणि पिन काढली तरी तिला लावतो काय? हाताशी असेल ते बेअरिंगचं ग्रीस. त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते. सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब कितीतरी गाड्यांना पुरते. नवे पॅड टाकताना जुने शिम आणि क्लिपा ‘जादा पार्ट’ म्हणून भंगारच्या डब्यात टाकणारे पोऱ्ये आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना ते कुणी शिकवलं, हेही माहीत आहे. डिस्क लेथवर पाठवण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा आणि फिरवून झाल्यावर किती उरेल ते बघा. रनआउट दिसला तर आधी हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशने काढून डायल गेज पुन्हा लावा. बऱ्याचदा डिस्क निर्दोष सुटते. नव्या पॅडवर गाडी तशीच हातात देऊ नका. ६०च्या वेगावरून १०वर, आठ-दहा वेळा, मध्ये गार होऊ देत, पूर्ण न थांबता. एवढी चक्कर मारायला पंधरा मिनिटं लागतात. ती बिलात लावा, लाजू नका.

उलट, पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी करकरते आणि चार ब्रेक मारले की गप्प होते. तो डिस्कवरचा रात्रीचा गंज. त्याचे पैसे घेणाऱ्यांची पत्रं आम्ही छापणार नाही.

मागच्या ड्रमबद्दल फारसं सांगत नाही. बॅक प्लेटवर शू जिथे टेकतो त्या जागा कोरड्या असतील तर ड्रम कितीही घासा, किरकिर जात नाही. आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवणं आजपासून बंद करा. लायनरमध्ये काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि छाती आपली असते.

आता सगळ्यांना एक काम. या महिन्यात आवाजाची तक्रार घेऊन जी जी जुनी गाडी येईल, तिच्या जॉबकार्डावर पुढच्या चारही पॅडची जाडी आतून-बाहेरून, दोन्ही डिस्कची जाडी आणि पिन मोकळी की जाम, एवढं लिहा. एक प्रत गिऱ्हाइकाला सहीनिशी द्या, म्हणजे विकणाऱ्याकडे जाताना त्याच्या हातात काहीतरी असेल. दुसरी, मालकाचं नाव आणि गाडीचा नंबर खोडून, २५ तारखेच्या आत आमच्याकडे पाठवा. पट्टी वाकवलेला पॅड सापडला तर भंगारात टाकू नका. पिशवीत घालून पाठवा. परिवहन आयुक्तांची भेट मागितली आहे, तेव्हा पिशव्या त्यांच्या टेबलावर रिकाम्या करायच्या आहेत. आमच्याकडचा एक पॅड तयार आहे.